एकट्या कामगाराची मुदत आणि त्याचे कागद

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेल्या नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. तेव्हापासून संपाची नोटीस किती दिवसांची, तीनशेपेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्याला परवानगीशिवाय टाळं लावता येणार का, युनियनला मान्यता कशी मिळणार, याची चर्चा सुरू आहे. हे प्रश्न मोठे आहेत आणि त्यांवर मोर्चे निघतात ते योग्यच आहे. पण माझ्या टेबलासमोर जो माणूस येऊन बसतो, त्याच्या कंपनीत युनियन नसते. असलीच तर तो तिचा सभासद नसतो, कारण तो ठेकेदाराकडचा. आदल्या संध्याकाळी त्याला गेटवर 'उद्यापासून येऊ नकोस' एवढंच सांगितलेलं असतं. या एकट्या माणसासाठी कायद्यात काय आहे आणि ते त्याच्यापर्यंत का पोचत नाही, हे कुणीतरी लिहायला हवं होतं. कुणी लिहीना, म्हणून मी लिहिते आहे.

नाशिकमध्ये सीबीएसजवळ, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळ, कोर्टापासून चालत जाण्याच्या अंतरावर, माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. वीसेक वर्षं झाली. भाडेकरार, प्रतिज्ञापत्रं, वारसाचे अर्ज यांच्याबरोबर कामगारांचे अर्जही पहिल्यापासून टाइप करते. सातपूर, अंबड, सिन्नरकडचं माळेगाव आणि मुसळगाव, मुंबई रस्त्यावरचं गोंदे, वाडीवऱ्हे, सगळीकडून माणसं येतात. बरीच मूळची पेठ-सुरगाण्याची, काही मराठवाड्यातली, अलीकडे उत्तर प्रदेश-बिहारची. मी वकील नाही. पण माझे यजमान अंबडला टर्नर होते, घरात या गोष्टी बोलल्या जायच्या, आणि इतकी वर्षं कलमं टाइप केल्यावर ती मुळातून वाचायची सवय लागली. वाचून जे कळलं त्याचीच खात्री धरून लिहिते आहे.

एकट्या कामगाराला पूर्वी दारच नव्हतं. १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा सगळ्यांचा मिळून होणारा तंटा डोळ्यांपुढे ठेवून झाला. एका माणसाला कामावरून काढलं, तर युनियननं किंवा बऱ्याचशा सहकाऱ्यांनी त्याची बाजू उचलल्याशिवाय तो औद्योगिक विवाद ठरत नसे. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही असंच म्हटलं होतं. म्हणजे ज्याच्या पाठीशी कुणी नाही, त्याला कायदाही नाही. १९६५ मध्ये दुरुस्ती होऊन कलम २-अ आलं. बडतर्फी, कामावरून कमी करणं, कामगार कपात, कोणत्याही प्रकारे नोकरी संपवणं, यांविरुद्ध एकटा कामगारही उभा राहू शकतो असं त्यानं ठरवलं. तरीही प्रकरण कोर्टाकडे पाठवायचं की नाही हे सरकारच्या हातात होतं आणि त्या फायली कुठे कुठे पडून राहत, हे जुन्या मंडळींना विचारा. २०१० मध्ये तीही अडचण गेली. समेट अधिकारी म्हणजे मालक आणि कामगार यांच्यात तडजोड घडवू पाहणारा सरकारी अधिकारी. त्याच्याकडे अर्ज देऊन ४५ दिवस झाले की कामगारानं स्वतः कोर्टात जायचं, कुणाच्या शिफारशीची गरज नाही. अट एकच, काढल्यापासून तीन वर्षांच्या आत.

नव्या औद्योगिक संबंध संहितेनं हा हक्क काढून घेतलेला नाही. औद्योगिक विवादाच्या व्याख्येतच एकट्या कामगाराच्या बडतर्फीचा, कपातीचा वाद धरलेला आहे. हे मी मुद्दाम लिहिते, कारण गेले काही महिने माझ्याकडे येणाऱ्या माणसांना गेटवरच सांगितलं जातं, 'आता नवा कायदा आलाय, कोर्टात काही चालत नाही.' हे साफ खोटं आहे. आणि ते ऐकून जे घरी बसतात, त्यांचं नुकसान कधीच भरून येत नाही.

बदलली आहे ती मुदत. वाद उभा राहिल्यापासून दोन वर्षं उलटली की समेट अधिकाऱ्याला तो हातात घेता येत नाही. पुढे समेट झाला नाही, तर त्याचा अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांच्या आत न्यायाधिकरणात अर्ज करायचा. तीनाची दोन वर्षं झाली, त्यात काय एवढं, असं खुर्चीत बसलेल्याला वाटेल. मी ज्यांचे अर्ज टाइप केले त्यांतले पुष्कळ जण तिसऱ्या वर्षी आलेले होते. हे लोक आळशी नसतात. काढताना त्यांना कुणी 'तुला काढलं' असं म्हणत नाही. 'सध्या काम कमी आहे, ऑर्डर आली की पहिला तुला बोलावतो' असं म्हणतात. माणूस दिवाळीपर्यंत वाट पाहतो. मग गावाकडे द्राक्षाच्या छाटणीला, कांद्याच्या लागणीला जातो. तिथून परत येऊन दुसऱ्या ठेकेदाराकडे कमी पगारावर लागतो. बायकांचं आणखी वेगळं. बाळंतपणाला गेलेली बाई परत आली की तिची जागा भरलेली असते आणि सुपरवायझर म्हणतो, 'पोर मोठं होऊ दे, मग बघू.' या सगळ्यात महिने मोजायचे असतात, हे त्यांना कळणार कसं?

आपल्या राज्याचा १९७१ चा एक स्वतंत्र कायदा आहे, कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध यांचा. नव्या संहितेनं रद्द केलेल्या कायद्यांच्या यादीत तो नाही. सूडबुद्धीनं काढणं, खोट्या कारणावरून काढणं, वर्षानुवर्षं माणसाला बदली कामगार (दुसऱ्याच्या गैरहजेरीत लावलेला) किंवा तात्पुरताच ठेवून कायम कामगाराचे फायदे नाकारणं, या सगळ्या त्यात अनुचित प्रथा आहेत. शिवाय अंतरिम आदेश मागता येतो, म्हणजे निकालापर्यंत हातावर हात ठेवून बसावं लागत नाही. पण तक्रारीची मुदत ९० दिवस. सबळ कारण असेल तर कोर्ट उशीर माफ करू शकतं, पण ते कोर्टाच्या मर्जीवर आहे. तीन महिन्यांत तक्रार द्यायची असते हे माहीत असलेला एकटा कामगार माझ्याकडे क्वचितच आला आहे.

त्याच कायद्यात एक गोष्ट मला फार खटकते. वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवल्याची जी तक्रार आहे, ती कंपनीत मान्यताप्राप्त युनियन असेल तर एकट्या कामगाराला स्वतः चालवता येत नाही, युनियनमार्फतच चालवावी लागते. ज्या युनियनचं सगळं लक्ष कायम कामगारांच्या करारावर आहे, तिनं तात्पुरत्याची तक्रार का लढावी? काही युनियन लढतात, मनापासून लढतात, हे मी स्वतः पाहिलं आहे. पण एखाद्याचा हक्क दुसऱ्याच्या चांगुलपणावर सोडणं बरोबर नाही. ही तरतूद सरकारनं बदलायला हवी आणि युनियनवाल्यांनीच ती मागणी करावी, असं मला वाटतं.

आता कागदांबद्दल. माझ्या मते खरी लढाई इथेच हरली जाते.

नोटीस किंवा भरपाई न देता काढलं, एवढं म्हणून भागत नाही. आधीच्या बारा महिन्यांत २४० दिवस काम केलं होतं हे दाखवावं लागतं. आणि ते दाखवण्याची जबाबदारी कामगाराची, नुसतं शपथपत्र पुरणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये सांगितलं. पुढे २००५ च्या निकालानं थोडी वाट मोकळी केली. हजेरीपट, पगाराचं रजिस्टर ही मालकाकडची कागदपत्रं कामगार कोर्टामार्फत मागवू शकतो. पण हजेरीपट ठेकेदाराच्या नावावर, ठेकेदार बदललेला, जुना ठेकेदार फोन उचलत नाही. मागवणार कुणाकडून?

चुंचाळ्याची एक बाई आली होती. पॅकिंगमध्ये कामाला होती. एकाच शेडमध्ये, एकाच टेबलावर किती तरी वर्षं, आणि तेवढ्या वर्षांत तिचे ठेकेदार बदलत गेले. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात. एकाही ठेकेदाराकडे तिची पाच वर्षं भरत नव्हती. तिच्याकडे नेमणूकपत्र नव्हतं, पगारपावती नव्हती. एक पिशवी होती. तिच्यात ईएसआयसीचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड, सातपूरच्या ईएसआय दवाखान्याचे केसपेपर, बँकेचं पासबुक, कॅन्टीनची कुपनं, आणि सेफ्टीच्या ट्रेनिंगमधला सगळ्या बायकांचा एक फोटो, मागे कंपनीचा बोर्ड दिसतोय असा. आम्ही दुकानात बसून तिच्या पीएफची नोंद मोबाइलवर उघडली. महिना न् महिना पैसे भरलेले, फक्त भरणाऱ्याचं नाव बदलत गेलेलं. जागा तीच, काम तेच, सुपरवायझर तोच. वकिलांनी ती नोंद पाहिली आणि म्हणाले, हा खरा पुरावा. तिला तो पुरावा आहे हे माहीतच नव्हतं. पीएफ म्हणजे लग्नाला किंवा आजारपणात काढायचे पैसे, एवढीच ओळख.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, आणि आपल्या वाचकांनाही सांगते. नोकरी चालू असतानाच पीएफचं पासबुक उतरवून ठेवा. बँकेत पगार कुणाच्या नावानं जमा होतो ते बघा. शिफ्टचे व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे मेसेज पुसू नका. गेटपासचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा. काढल्यावर हे गोळा करता येत नाही, कारण गेटपास सगळ्यात आधी काढून घेतात.

आणि कोऱ्या कागदावर सही करू नका. काही वर्षांपूर्वी एक माणूस माझ्याकडे एक मजकूर घेऊन आला, 'मी माझ्या घरगुती अडचणीमुळे स्वेच्छेने राजीनामा देत आहे, माझी कोणतीही थकबाकी शिल्लक नाही.' नावाची आणि तारखेची जागा रिकामी ठेवून त्याला याच्या गठ्ठाभर प्रती हव्या होत्या. मी विचारलं, इतक्या जणांना एकदमच घरगुती अडचण आली का? तो म्हणाला, नवीन भरतीच्या वेळी सह्या घेऊन ठेवायच्या आहेत. मी काम घेतलं नाही. त्यानं दुसरीकडून करून घेतलंच असणार. त्यानंतर जेव्हा जेव्हा कुणी सांगतं, 'मी राजीनामा दिलाच नाही, पण कंपनी म्हणते दिला', तेव्हा तो गठ्ठा माझ्या डोळ्यांसमोर येतो. अशी सही घेतली गेली असेल, तर ती कशी घेतली हे लगेच लेखी कळवा, रजिस्टर पोस्टानं, आणि पावती जपून ठेवा. उशिरा सांगितलेलं खरं असलं तरी कोर्टात ते पटवणं कठीण जातं.

या बाबतीत नव्या संहितांमध्ये दोन-तीन गोष्टी एकट्या कामगाराच्या बाजूच्या आहेत. संहितांवर टीका करणाऱ्यांनीही त्या हातच्या जाऊ देऊ नयेत. प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र देणं आता बंधनकारक आहे आणि आधीपासून काम करणाऱ्यांना ते अंमल सुरू झाल्यापासून तीन महिन्यांत द्यायचं होतं. पगारपावती द्यायची आहे. कामावरून काढलं किंवा राजीनामा दिला, तर दोन कामाच्या दिवसांत पगार चुकता करायचा आहे. आणि पगार किंवा बोनस दिला नाही, कमी दिला अशी तक्रार आली, तर तो दिल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे. ज्याच्याकडे कागद नाही त्याच्यासाठी ही शेवटची तरतूद फार मोलाची आहे. नेमणूकपत्राचं मात्र काय झालं? माझ्या दुकानात रोज कामगार येतात. त्यांना मी विचारते, मिळालं का? बहुतेकांना असं काही मिळायचं होतं हेच ठाऊक नसतं.

आणखी एक गोष्ट, जी ऐकून माझ्यासमोर बसलेल्या माणसांचे चेहरे बदलतात. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांनाही तो तसाच आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण प्रत्येक जिल्ह्यात असतं, आपल्याकडेही आहे. तरीही माणसं मंगळसूत्र मोडून वकिलाची फी भरतात. समेट अधिकाऱ्यासमोर तर कोणत्याच बाजूला वकील आणता येत नाही. तिथे कंपनीकडून एच.आर.चा माणूस जाड फाइल घेऊन येतो आणि कामगार एकटाच, घाबरलेला. पण कामगाराला सोबत माणूस नेता येतो. युनियनचा पदाधिकारी, आणि तो युनियनचा सभासद नसेल तर त्याच उद्योगातला दुसरा कामगारही त्याच्या वतीनं बोलू शकतो. हे सांगितलं की त्याच्या जिवात जीव येतो.

एका कार्यालयात एकट्यानं गेलेल्या कामगाराला 'युनियनचं पत्र आणा' असं सांगून परत पाठवल्याचं मी एकाहून अधिक जणांकडून ऐकलं आहे. कार्यालयाचं नाव घेत नाही, कारण तिथल्या माणसांनाही कामाचा भार आहे हे मला दिसतं. पण १९६५ पासून जे पत्र लागत नाही, ते आज मागणं चूक आहे. त्या एका वाक्यानं कामगाराचे सहा-सहा महिने जातात. आणि अर्ज घेतला तरी पोच दिली नाही, तर मुदतीत आल्याचा पुरावा राहत नाही. अर्ज घेतल्याचा शिक्का आणि तारीख त्याच्या प्रतीवर तिथल्या तिथे पडली पाहिजे. यासाठी नवा कायदा लागत नाही, पैसा लागत नाही.

तेव्हा कामगार विभागाला माझी विनंती आहे की, मुदतींचा फलक मराठीत आणि हिंदीतही, मोठ्या अक्षरांत, कार्यालयाच्या दाराशी लावावा आणि तसाच तो सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे इथल्या औद्योगिक वसाहतींत लावावा, जिथे सकाळी शिफ्टच्या बस थांबतात. नेमणूकपत्रांची तपासणी ठेकेदारांच्या नोंदींपासून सुरू करावी, मोठ्या कंपन्यांच्या कायम कामगारांपासून नव्हे, त्यांच्याकडे ती असतातच. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणानं आठवड्यातून एक संध्याकाळ सिडकोत किंवा श्रमिकनगरात बसावं, कारण दिवसा कोर्टात यायचं तर कामगाराचा खाडा पडतो. आणि संहितेत कामगार न्यायालयाऐवजी दोन सदस्यांचं जे न्यायाधिकरण सांगितलं आहे, ते नाशिकमध्येच बसेल याची हमी आपल्या आमदार-खासदारांनी मिळवावी. सुरगाण्याच्या माणसाला नाशिकची तारीखच परवडत नाही, तो त्यापलीकडे कुठे जाणार?

आपल्या दैनिकाकडेही एक मागणं आहे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत व्हायला हवा, असं कायदा सांगतो. दर महिन्याच्या आठ तारखेला आपण एक लहानशी चौकट छापावी. पगार नाही मिळाला तर अर्ज कुठे द्यायचा, काढलं तर ९० दिवसांत काय, दोन वर्षांत काय, मोफत वकील कुठे मिळतो, एवढंच. मजकूर तपासायला इथले कामगार वकील आनंदानं तयार होतील, दोघांशी मी बोलले आहे. चौकट छापून आली की कापून मी ती दुकानात काचेवर लावीन आणि ज्याला हवी त्याला झेरॉक्स काढून देईन. त्याचे पैसे घेणार नाही.

आपली,
एक टंकलेखिका, जुने सिडको, नाशिक
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)